ब्रेक ऑइल : कोणते घालावे, कधी बदलावे



भात, आंबा, सुपारी सोडून हा शेतकी खात्याचा माणूस आज ब्रेक ऑइलवर काय बोलतोय, असे तुमच्या मनात येईल. मी शेतकीचा पदवीधर, गॅरेजात शिकलेला नव्हे, हेही खरे. पण गावोगाव फिरताना दिसते ते असे, की ज्या अंगणात पूर्वी बैलजोडी बांधलेली असे, तिथे आता पिकअप नाही तर छोटा टेम्पो उभा असतो. बैलाला पेंड कोणती, पेंढा किती, पाणी कोणत्या वेळी, याची बारीक चौकशी आपली आजोबा मंडळी करीत. आज गाडीच्या ब्रेकमध्ये काय घातले आहे असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एकच, "ते गॅरेजवाल्याला ठाऊक."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आपल्याच किनाऱ्यावरचा एक बागायतदार. नाव-गाव सांगत नाही, कारण चूक त्याच्या एकट्याची नव्हती. एप्रिल महिना, आंब्याचे दिवस. निघायच्या आधी चार दिवस त्याने बॉनेट उघडून पाहिले, तर ब्रेक ऑइलच्या डबीत तेल खाली गेलेले. दुकानात जाऊन म्हणाला, "ब्रेकचं हायड्रॉलिक ऑइल द्या." गल्ल्यावर मालक नव्हता, पोरगा होता. त्याने हायड्रॉलिक ऑइलचा डबा काढून दिला. ब्रेक हायड्रॉलिक, ऑइलही हायड्रॉलिक. दोघांनाही त्यात काही चुकले असे वाटले नाही. पुढे आंब्याच्या पेट्या भरून गडी ताम्हिणी घाटाने पुण्याला गेला. जाताना सगळा चढ, चढाला ब्रेक लागतो किती? येताना गाडीत पेंडीची पोती होती. घाट उतरायला लागल्यावर गाडी उतारावर असूनही मोकळी धावेना, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. मग एका वळणावर त्याने पेडल दाबले, ते सरळ तळाला गेले. डोके शाबूत होते म्हणून त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि डोंगराच्या अंगाला घासून उभी केली. शेजारी बसलेल्या मुलाच्या खांद्याचे हाड मोडले. दुसऱ्या अंगाला दरी होती.

गाडी खोलली तेव्हा ब्रेकमधले सगळे रबर फुगून बोटाने दाबले तरी मऊ लागत होते. दुरुस्तीत गाडी अडकली आणि आंब्याचा राहिलेला हंगाम भाड्याच्या गाडीवर गेला. हे सगळे त्या एका डब्यामुळे.

आता हे असे का झाले ते समजून घेऊ. एकदा कारण कळले की काय घालायचे, काय नाही, हे पाठ करावे लागत नाही.

तुम्ही पायाने पेडल दाबता, तेव्हा पुढच्या बाजूला मास्टर सिलिंडर नावाची एक नळी असते, तिच्यात दट्ट्या सरकतो. तो दट्ट्या नळ्यांतल्या द्रवाला ढकलतो. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चारही चाकांपर्यंत पोचतो. तिथे पुन्हा छोटे सिलिंडर असतात, ते ब्रेक शू ड्रमवर किंवा पॅड डिस्कवर दाबतात. फवारणीच्या पंपाचा दांडा दाबला की लांबच्या नोझलमधून जोर बाहेर पडतो, तसेच थोडेफार. या सगळ्या ठिकाणी गळती होऊ नये म्हणून रबराचे लहान लहान कप बसवलेले असतात. म्हणजे तुमचा सगळा ब्रेक दोन गोष्टींवर उभा आहे. एक, द्रव दाबला न जाणे. दोन, रबर शाबूत असणे. चुकीच्या ऑइलने रबर जाते, आणि जुन्या, पाणी शिरलेल्या ऑइलने पहिली गोष्ट जाते.

आपण सगळे "ब्रेक ऑइल" म्हणतो. गॅरेजवालेही म्हणतात, मीही या भाषणात तेच म्हणणार. पण हे तेल नव्हे. नेहमीच्या गाड्यांत जो द्रव असतो तो ग्लायकॉल नावाच्या रसायनापासून केलेला असतो आणि तो पाण्यात मिसळतो. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल, रॉकेल ही सारी जमिनीतून निघालेल्या खनिज तेलाची भावंडे. ती पाण्यावर तरंगतात. ब्रेकमधले रबर ग्लायकॉलला सोसेल अशा जातीचे असते. त्याला खनिज तेल लागले की ते पाण्यात टाकलेल्या चण्यासारखे फुगते. फुगलेला कप मास्टर सिलिंडरमधले परतीचे बारीक छिद्र बंद करतो. मग तुम्ही पाय उचलला तरी द्रव मागे येत नाही, ब्रेक लागलेलाच राहतो, घासून घासून तापतो. आपल्या बागायतदाराची गाडी उतारावर अडत होती ती यामुळे.

आपल्याकडे नारळ मुबलक, म्हणून अडचणीत खोबरेल घातल्याचेही मी ऐकले आहे. काही जुने ड्रायव्हर एरंडेलाचे नाव घेतात. ते अगदीच हवेत बोलत नाहीत. मोटारी नव्या होत्या त्या काळात ब्रेकचा द्रव एरंडेल आणि अल्कोहोल मिसळूनच करीत, कारण एरंडेलाने तेव्हाचे नैसर्गिक रबर खराब होत नसे. पण आजची गाडी वेगळी, रबर वेगळे, उष्णताही वेगळी. एरंडेल पोटासाठी ठेवावे.

घरी खात्री करायची असेल तर एक सोपी परीक्षा आहे. स्टीलच्या वाटीत साधे पाणी घ्या आणि बाटलीतले चार थेंब त्यात टाकून हलवा. पाण्यात मिसळून गेले तर ते ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल. वर तवंग धरला तर ते खनिज तेल, पिकअपच्या ब्रेकमध्ये ते घालू नका. ही वाटी नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नये. या परीक्षेने जात कळते, दर्जा कळत नाही, एवढे लक्षात ठेवा.

आता पाण्याची गोष्ट. आपल्या किनाऱ्यावर तीच जास्त महत्त्वाची आहे.

पावसाळ्यात घरातल्या बरणीतले मीठ कसे पाझरते ते सगळ्या भगिनींना ठाऊक आहे. युरियाचे पोते तोंड न बांधता ठेवले तर आठवड्यात त्याचे ढेकूळ होते, तेही तुम्ही पाहिले आहे. ब्रेक ऑइलचा स्वभाव नेमका तसाच. ते हवेतला ओलावा ओढून घेते. डबीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते तिथून, रबरी होज पाइपातून झिरपून, आणि सर्वांत जास्त म्हणजे उघड्या राहिलेल्या बाटलीतून. देशावर कोरड्या हवेत हे हळू होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा पिळून काढावी अशी ओली, आणि उरलेले आठ महिने खाडी-समुद्राची वाफ आहेच. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या गाडीचे ब्रेक ऑइल सोलापूरच्या गाडीइतके दिवस कोरडे राहील अशी अपेक्षाच करू नये.

पाणी शिरले म्हणून लगेच काही होत नाही, आणि त्यामुळेच फसगत होते. सपाटीवर ब्रेक ठणठणीत लागतो. घाटात काय होते ते पाहा. गाडी उतरताना तिचा सगळा जोर ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतो. मी हिशेब करून पाहिला. मालासकट तीन टन वजनाची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणली आणि सगळे काम ब्रेकनेच केले, तर जी उष्णता होते तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी थंडाचे उकळते होईल. म्हणजे लग्नघरातला आंघोळीच्या पाण्याचा हंडा! काही उष्णता वाऱ्यावर जाते, काही काम इंजिन करते, पण उरलेली चार चाकांच्या ड्रम-डिस्कमध्ये साठते आणि तिथून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. कोरडे, नवे ब्रेक ऑइल ही उष्णता सोसते. पाणी मिसळलेले ऑइल लवकर उकळते. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग तुमच्या पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही.

पुढची गंमत अशी, आणि ती वाईट गंमत आहे, की तासाभराने गाडी निवली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक पूर्ववत लागतो. कुठे गळती नाही, पाइप फुटलेला नाही. लोक म्हणतात, ड्रायव्हरने ब्रेक मारलाच नसेल. ड्रायव्हर बिचारा शपथा घेतो. घाटात पेडल तळाला गेले आणि नंतर आपोआप बरे झाले असे कोणी सांगितले, तर त्याला खोटा ठरवण्याआधी ब्रेक ऑइल किती जुने होते ते विचारा.

हे दुखणे आपल्याला विशेष लागू पडते, कारण आपण सगळे घाटाखालचे. घाटावरचा माणूस भरलेली गाडी घेऊन आपल्याकडे येतो तेव्हा उतरतो. आपण माल घेऊन जाताना चढतो आणि घरी येताना उतरतो. बोरघाट घ्या, ताम्हिणी घ्या, महाडचा वरंध घ्या, पोलादपूरचा आंबेनळी घ्या. दिवसभर बाजारात उभे राहून माणूस थकलेला, घर जवळ आलेले, गाडीत पेंड, खत नाही तर भाजी, आणि नेमका तेव्हा ब्रेकची सगळ्यात मोठी परीक्षा. म्हसळ्याकडच्या मंडळींना घोणसे घाट तर रोजचाच. मांडव्याहून मार्च २०२० पासून रो-रो बोटीने गाडी भाऊच्या धक्क्याला नेता येते. त्या वाटेने घाट टळतो, खारा वारा मात्र टळत नाही.

आता बाटली निवडायची कशी ते सांगतो. रेडिओवर ऐकताना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून ही पत्रिका गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवून द्या.

बॉनेट उघडले की मास्टर सिलिंडरवर बहुधा पांढरट प्लॅस्टिकची लहान डबी दिसते. तिच्या झाकणावर इंग्रजीत डी, ओ, टी ही तीन अक्षरे आणि पुढे आकडा असतो. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला सांगा. 'डॉट' ही अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. त्यांनी ठरवलेली प्रतवारी जगभर चालते, आपल्याकडच्या बाटल्यांवरही तीच असते. झाकणावर जो आकडा, तोच बाटलीवर हवा. झाकण बदललेले असेल किंवा अक्षरे पुसली असतील, तर गाडीबरोबर मिळालेले पुस्तक काढा. पुस्तकही गेले असेल तर त्या कंपनीच्या अधिकृत दुकानात गाडीचे मॉडेल सांगून विचारा.

आकड्यांचा अर्थ असा. डॉट ३ नवे असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा नियम आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ ची नव्याची मर्यादा २३० आणि ओल्याची १५५. डॉट ५.१ ची २६० आणि १८०. हे आकडे नीट पाहा. शंभर भागांत चार भागसुद्धा पाणी नाही, आणि डॉट ३ ची ताकद ६५ अंशांनी खाली. ओले झालेले डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षा कितीतरी हलके ठरते. म्हणून मी म्हणतो, महागडी बाटली आणून पाच वर्षे विसरण्यापेक्षा नेमून दिलेली साधी बाटली वेळेवर बदलणे चांगले. दाणेदार खताच्या पोत्यावरचे आकडे मोठे म्हणून पीक जास्त येत नाही. पिकाला काय हवे ते पाहावे लागते. इथेही तसेच.

झाकणावर डॉट ३ असेल तर डॉट ४ चालेल का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. दोन्ही ग्लायकॉलचीच, एकमेकांत मिसळतात, म्हणून सहसा चालते. उलट मात्र करू नका. डॉट ४ मागणाऱ्या गाडीत डॉट ३ घालणे म्हणजे ताकद कमी करणे. माझे मत विचाराल तर आहे तोच आकडा ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी कोण काय घालून गेला याचा गोंधळ होत नाही.

एक सापळा सांगून ठेवतो. डॉट ५ आणि डॉट ५.१ हे सख्खे भाऊ वाटतात, पण नाते नाही. ५.१ ग्लायकॉलचे आहे. नुसते ५ हे सिलिकॉनचे असते. ते पाणी शोषत नाही, इतर ब्रेक ऑइलमध्ये मिसळत नाही आणि त्यात मिसळायचेही नसते. रंग जांभळा असतो. आपल्या पिकअप-टेम्पोला त्याचा काही उपयोग नाही. एरवी रंगावर जाऊच नका. रंग पाहून ऑइल ओळखणे म्हणजे पाण्याचा रंग पाहून विहिरीची खोली सांगण्यासारखे आहे.

मोटारसायकलला पुढे डिस्क ब्रेक असेल तर हँडलवरच्या छोट्या डबीतही हेच ब्रेक ऑइल असते. दुधाच्या किटल्या लादून जाणाऱ्यांनी तिकडेही पाहावे. तारेने ओढला जाणारा जुना ब्रेक असेल तर द्रवाचा प्रश्नच नाही. मोठ्या ट्रकचा आणि एसटीचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, त्यांचे शास्त्र वेगळे.

ट्रॅक्टरवाल्यांनी इथे कान देऊन ऐकावे, कारण पिकअपचा नियम ट्रॅक्टरला लावला तर नुकसान होईल. आजच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत ब्रेकच्या चकत्या ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. ते ऑइल म्हणजे ट्रान्समिशनचे ऑइल. तिथे बाटलीतल्या ब्रेक ऑइलचा एक थेंबही जाता कामा नये. काही जुन्या ट्रॅक्टरांत कोरड्या चकत्या आणि दांड्यांची जोडणी असते, तिथे कोणतेच ऑइल लागत नाही. उलट तिथे ऑइल गळून आले तर ब्रेक घसरतो. आणि काही ट्रॅक्टरांत, तसेच माती खोदायच्या काही यंत्रांत, ब्रेकची वेगळी डबी असते पण तिच्यात खनिज तेलच घालायचे असते. त्यांचे रबर दुसऱ्या जातीचे. त्यांना ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल विषासमान. म्हणजे जी चूक आपल्या बागायतदाराने केली, तीच उलट्या बाजूने होते. गावात एकच माणूस पिकअपही चालवतो, ट्रॅक्टरही आणि हंगामात खोदाईचे यंत्रही, म्हणून हा धोका अधिक. दोन डबे घरात असतील तर त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, हा पिकअपचा, हा ट्रॅक्टरचा, आणि नरसाळेही वेगळे ठेवा.

ट्रॉलीचेही तेच. उचलून माल ओतणाऱ्या ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक ऑइलवर चालतो. त्याच्या डब्याचा आणि ब्रेकचा संबंध नाही. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असेल तर तो कशावर चालतो ते बनवणाऱ्याला विचारूनच काय ते घालावे. काही ट्रॉल्यांना दांडीजवळ स्वतःचा मास्टर सिलिंडर असतो, काहींना ट्रॅक्टरमधून ऑइलचा पाइप येतो. पण खरे सांगायचे तर आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नाही. ट्रॅक्टरचा ब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांनाच, आणि वर ट्रॉलीचा सगळा भार मागून ढकलणार. अशा जोडीला कोणतेही ऑइल वाचवणार नाही. रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक-पेडलांची कडी अडकवा, भार कमी ठेवा आणि उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर एका अंगाला वळून आडवा होतो.

बाटली विकत घेताना सील पाहा. सुटे ऑइल, मोठ्या डब्यातून ओतून दिलेले, घेऊ नका. गरजेपुरतीच लहान बाटली घ्या. मापाने उरले तर ते मागच्या वर्षीच्या उघड्या बियाण्याच्या पिशवीसारखे समजा. बूच घट्ट लावलेली बाटलीही एकदा उघडली की पुढच्या पावसाळ्यानंतर वापरू नका. एका पेटी हापूसची किंमत काढा आणि त्याच्या शेजारी या बाटलीची किंमत ठेवून पाहा, काटकसर कुठे करायची ते कळेल.

बदलायचे कधी? पुस्तकात मुदत दिलेली असते, बहुतेक गाड्यांना दोन वर्षे. माझा सल्ला असा, की जी गाडी माल भरून घाट करते तिचे ब्रेक ऑइल आपल्या हवेत दरवर्षी बदलावे. गावातल्या गावात फिरणारीचे दोन वर्षांनी. वेळ मात्र दसऱ्याची धरा. पाऊस संपलेला असतो, हवा कोरडी व्हायला लागते, आणि फुले वाहण्यासाठी गाडी धुऊन पुसून अंगणात उभी असतेच. त्या आठवड्यात बदललेले ऑइल पुढे पांढऱ्या कांद्याच्या माळा निघतात तेव्हा, आणि मग आंब्याच्या वेळी, ताजे असते. काही जण आगोटीला, मे अखेर, बदलतात. त्यात पाप नाही, पण नवे ऑइल लगेच पावसात ओले करून उन्हाळ्याच्या घाटाला जुने घेऊन जाण्यात काय अर्थ? भर पावसात तर डबी उघडूच नये.

बदलणे म्हणजे डबीतले काढून वर नवे ओतणे नव्हे. खरे ओले ऑइल चाकांजवळ असते, जिथे उष्णता असते तिथे. प्रत्येक चाकाच्या मागे एक निपल असते. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा निपल सैल करून पारदर्शक नळीने जुने ऑइल बाटलीत घेतो, निपल बंद झाल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. नळीतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत हे चारही चाकांना करायचे. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची ते पुस्तकात पाहावे. वर डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर नळ्यांत हवा शिरते. ज्या गाडीत एबीएस आहे तिचे काम जाणकार गॅरेजातच करून घ्या. आणि तिथे उभे राहा. आपल्यासमोर सील तोडायला सांगा. भाताच्या कोठारावर पहारा ठेवतो तेवढा वेळ इथे नक्की काढता येईल. नळीतून निघालेले ऑइल कितीही स्वच्छ दिसले तरी परत घालायचे नाही.

डबीवर खाली आणि वर अशा दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्यामध्ये असावे. ते हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने, खाली येत असेल तर बहुधा लायनर-पॅड झिजले आहेत. नुसते भरून काम होत नाही, ते तपासून घ्या. आपल्या बागायतदाराचे मूळ दुखणे हेच होते. पॅड झिजलेले, म्हणून पातळी खाली. त्याला खरे तर त्या दिवशी ऑइलची नव्हे, पॅडची गरज होती. पातळी एकाएकी उतरली, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, किंवा पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर गाडी जिथे आहे तिथेच ठेवा, बाजार चुकला तरी चालेल. किनाऱ्यावर ब्रेकचे लोखंडी पाइप बाहेरूनही गंजतात. जेट्टीवर, वाळूत मासळी भरायला जाणाऱ्या गाड्यांचे तर फारच. गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा आणि वर्षातून एकदा ते पाइप हाताने चाचपून पाहा. पापुद्रे निघत असतील तर बदला.

आणि चुकून चुकीचे ऑइल घातले गेलेच तर? गाडी चालू करू नका, पेडलही दाबू नका. पेडल न दाबता लगेच कळले तर थोडक्यात निभावेल. गाडी चालवली असेल तर नळ्या धुऊन सगळे रबर बदलावे लागते. खर्च होतो, पण त्यात तडजोड करू नका. अर्धे रबर बदलून दिलेली गाडी महिन्याभराने परत तेच दाखवते.

चांगले ऑइल असले म्हणून घाटात पायाने ब्रेक धरून उतरू नका. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनला काम करू द्या. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतरणारे पुष्कळ आहेत. इंजिन बंद केले तर ब्रेकला मदत करणारा बूस्टरही दोन-चार वेळा दाबल्यावर सुटतो आणि पेडल दगडासारखे होते. उतारावर करपल्याचा वास आला तर जागा पाहून थांबा, चाकांना दगड लावा आणि अर्धा तास चहा घ्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो.

जाता जाता हाताळण्याबद्दल. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उठतो. लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसते पुसू नका. डोळ्यांत गेले तर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा. ते पोटात गेले तर विष आहे, म्हणून रिकाम्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका, आणि जनावरांच्या दावणीपासून लांब ठेवा. काढलेले जुने ऑइल विहिरीत, खाडीत, खाचरात ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात साठवून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्यावे. ऑइल बदलले त्या दिवशीची तारीख आणि डॉटचा आकडा एका कागदावर लिहून चिकटपट्टीने बॉनेटच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे पुढच्या दसऱ्याला कोणाच्या आठवणीवर विसंबावे लागणार नाही.